चिमण्यांची खुंटी

माझ्या डाव्या कोपराखाली दोन बोटं आली. तर्जनी आणि मधलं. दाब अगदी थोडा, प्रयोगशाळेतल्या नाजूक वजनकाट्याचं काचेचं दार सरकवायला लागतो तेवढा. बोटांची टोकं कोमट आणि जराशी खरखरीत होती, भांड्यांच्या साबणानं होतात तशी, आणि त्यांना कसलीही घाई नव्हती. त्यांनी कोपर उचललं आणि माझा हात, जणू तो माझा नव्हताच, डोक्याच्या वर गेला. मी डोळे उघडले. प्रार्थनागृहातल्या सगळ्यांचे हात वर होते. डोळे मिटलेले, चेहरे किंचित उचललेले, आणि शांतता. पंख्याची घरघर मला ऐकू येत होती. बाहेर कुणीतरी फरशीवर बादली सरकवली, तीही ऐकू आली. पुढे वेदीच्या बाजूला छोटा ऑर्गन होता, त्याच्यापाशी सिस्टर बसल्या होत्या. त्यांचा उजवा हात पट्ट्यांच्या अगदी शेवटच्या टोकाला होता आणि करंगळीखालची पट्टी दाबलेली होती. म्हणजे सिस्टर वाजवत होत्या.

मी इतका वेळ वाट पाहत होते, सिस्टर कधी सुरू करतात याची. चर्चमध्ये वाजवणाऱ्यांचं आणि गाणाऱ्यांचं हे शिबिर. दरवर्षी असतं, दरवर्षी आम्ही सगळे कुरकुरत येतो आणि निघताना बरं वाटल्याचं सांगतो. सकाळी सिस्टर म्हणाल्या होत्या, "डोळे मिटा. मी एक सूर धरणार आहे. सूर आहे तोवर हात वर, थांबला की खाली. शेजाऱ्याकडे बघायचं नाही. आपण वाजवणारी माणसं बहुतेक वेळ स्वतःच्याच आवाजात बसलेली असतो. आज जरा बाहेर येऊन बसा." हे मला आवडलं होतं. मग त्या सुरू करीनात, तेही आवडलं. वाटलं, बाबांसारख्याच आहेत, आधी शांतता मुरू देतात. मी मांडीवर हात ठेवून ती शांतता ऐकत होते, मनातल्या मनात सिस्टरना चांगले गुण देत होते. आणि त्या वेळी सगळ्या खोलीत सूर भरलेला होता.

मी डावीकडे बघितलं. वहिनीचा एक हात वर होता, दुसरा माझ्या कोपराखाली, आणि एक डोळा उघडा. माझी नजर पडताच तिनं तो चटकन मिटला, चोरून खाताना पकडलेल्या पोरासारखा. तेवढ्यात सगळे हात एकदम खाली आले. माझा वरच राहिला. मला कसं कळणार, काय थांबलं ते. वहिनीनं माझी बाही धरून तो खाली ओढला. "सुरेख," सिस्टर म्हणाल्या, "सगळे एकत्र आलात."

माझ्या शरीराला ते आधी कळलं, मला नंतर. तळहात गार पडले, जिभेवर नाणं ठेवल्यासारखी चव आली. मन मात्र लगेच कामाला लागलं होतं, आणि ते काम होतं दुसऱ्या कुणाचा तरी दोष शोधण्याचं. इथला ऑर्गन जुना आहे, ती नळी मेली असेल. पण हात वर होते. सुचवणीनं होतं असं, एकानं केलं की दुसरा करतो. पण डोळे मिटलेले होते. मी बसले ते बाक कोपऱ्यात आहे, आवाज पोचत नसेल. पण वहिनी मला खेटून बसली होती. औषधांच्या कारखान्यात गुणवत्ता तपासण्यात माझी हयात गेली. सोयीची कारणं कशी एकामागून एक रांग लावून येतात ते मला पाठ आहे. नमुना खराब निघाला की उत्पादन विभागातले लोक हीच रांग घेऊन माझ्या टेबलाशी उभे राहतात, आणि मी चष्म्यावरून बघत म्हणते, "पुन्हा करून बघू या ना."

चहाची सुट्टी झाली. लोक व्हरांड्यात गेले. मी सिस्टरच्या ऑर्गनपाशी गेले आणि उभ्यानंच ती शेवटची पट्टी दाबली. बोटाला तिचा विरोध कळला, मग तो सुटतो ती जागा कळली. म्हणजे खाली झडप उघडली, वारा नळीत गेला. आवाज नाही. मी अलीकडची पट्टी दाबली. मग तिच्या अलीकडची. एकेक पायरी उतरावी तशी मी खाली येत राहिले, आणि बरंच खाली आल्यावर आवाज आला, अगदी बारीक, भिंतीपलीकडे कुणी कुजबुजावं तसा. त्याच्या खालचा स्पष्ट होता. मी पुन्हा वर गेले. दारातून टेनरवाले काका आत आले, हातात कप, दुसरा हात गालावर. त्यांना आम्ही फुंकर म्हणतो, कारण प्रत्येक ओळीआधी ते एवढा श्वास घेतात की पुढच्यांच्या डोक्यावरचे रुमाल हलतात. "अहो बाई," ते कळवळून म्हणाले, "दात शिवशिवले की हो! सोडा ती पट्टी, लिंबू चावल्यासारखं होतंय." मी बोट उचललं. त्यांनी सुटकेचा श्वास टाकला. माझ्या दृष्टीनं खोलीत काहीच बदललं नव्हतं.

आमच्या चर्चचा ऑर्गन वेदीच्या बाजूच्या माडीवर आहे; आधी बाबा वाजवत, आता मी. त्याला खुंट्यांच्या दोन रांगा आहेत. एक खुंटी ओढली की नळ्यांची एक ओळ जागी होते. खालच्या खुंट्या जाड, पोट भरल्यासारख्या आवाजाच्या. वर जाल तसा आवाज बारीक होत जातो, आणि सगळ्यात वरच्या खुंटीला बाबा चिमण्या म्हणायचे. ती ओळ एकटी वाजवण्यासाठी नसतेच. बाकीच्या आवाजावर ती ऊन पडल्यासारखी पडते. बाबा ती वर्षभर बंद ठेवत. मी लहानपणी त्यांच्या शेजारी बसून पानं उलटत असे आणि माझा हात सारखा त्या खुंटीकडे जाई. "हात मागे," बाबा समोर बघत म्हणत. "चिमण्या ईस्टरला." उपवासकाळ सरला, ईस्टरची पहाट झाली, आलेलुया सुरू होण्याच्या बेताला आलं की ते मला नुसती मान हलवून खुणावत, आणि मी दोन्ही हातांनी खुंटी ओढी. अख्ख्या चर्चच्या अंगावर काटा येई. खाली बसलेल्या कुणाला ठाऊक नसे की देवदूत बिवदूत काही नाही, वर फ्रॉक घातलेली एक पोर लोंबकळते आहे.

बाबांचं चष्म्याचं दुकान होतं. तिथंही मी त्यांच्या शेजारीच असे. गिऱ्हाईक खुर्चीवर बसे, समोर अक्षरांचा तक्ता, आणि शेवटच्या ओळी आल्या की थोराथोरांची गाडी अडखळे. मग ती माणसं अंदाज करत. चक्क ठोकून देत. एक शाळामास्तर तर बाहेर बाकावर थांबलेले असताना तक्ता पाठ करून आले होते, आणि बाबांनी तक्ता उलटा फिरवल्यावर रागावले. "लोक डोळे तपासायलासुद्धा अभ्यास करून येतात," बाबा रात्री जेवताना सांगत आणि आई हसे. पण दुकानात ते कधी हसले नाहीत. ते प्रत्येकाला तेच सांगत, त्याच सुरात: "दिसत नसेल तर दिसत नाही म्हणा. तेही उत्तरच आहे. चष्मा त्याच उत्तरावर बनतो." संध्याकाळी दुकान बंद करून ते मला चर्चमध्ये नेत. ऑर्गनपाशी बसलं की हात मांडीवर. "आधी गप्प बस," ते म्हणत. मी गप्प बसे. "आता आणखी गप्प बस." हे मला कळत नसे, गप्पपणाच्या खाली आणखी गप्पपणा कसा असेल? पण बसे. कधी तरी पाठीच्या कण्यात काहीतरी ढिलं पडे आणि बाबांना ते न सांगता कळे. "हं. आता वाजव. आणि स्वतःला ऐकू नकोस."

स्वतःला ऐकू नकोस. मी ते पाळलं की काय, इतकं तंतोतंत?

आता मागचं सगळं वेगळं दिसायला लागलं, आणि मी एक एक गोष्ट बघत व्हरांड्याच्या टोकाला उभी राहिले. कधीपासून तरी मला ऑर्गन मातकट वाटायला लागला होता. ओल्या घोंगडीखालून यावा तसा. मी दुरुस्ती करणाऱ्याला बोलावलं. त्यानं नळ्या पुसल्या, ठीक आहे म्हणाला. मी त्याला कामचुकार ठरवलं. मग मी वरच्या खुंट्या ओढायला लागले. आधी एक. मग तिच्या वरची. मग एका रविवारी चिमण्यांची. ती खुंटी ओढून वाजवताना मला बाबांची आठवण आली होती, आणि थोडं अपराधीही वाटलं होतं, पण आवाज जरासा, अगदी जरासा उजळल्यासारखा वाटला. पुढच्या रविवारी खुंटी आत ढकलायची राहिली. मग राहिलीच. उपवासकाळ आला, वेदीवर फुलं नाहीत, आलेलुया नाही, सगळं चर्च जांभळं आणि मुकं. त्या दिवसांत ऑर्गननं गाणाऱ्यांना नुसता हात द्यायचा, मिरवायचं नाही, हा नियम मीच गायकवृंदाला दर वर्षी ऐकवते. आणि वर माझ्या चिमण्या चिवचिवत होत्या. प्रत्येक रविवारी. पश्चात्तापाच्या स्तोत्रावर. मला त्या ऐकूच येत नव्हत्या, म्हणून त्या नव्हत्या.

आणि पुढची बाकं. ऑर्गनच्या बाजूची पुढची बाकं हळूहळू रिकामी होत गेली होती. मी वरून आरशातून बघते, आरसा त्याचसाठी असतो, वेदीवर काय चाललंय ते कळावं म्हणून. मी निरीक्षण केलं होतं. लोक खांबाच्या मागे सरकत होते. कारण शोधलं: त्या बाजूच्या खिडकीतून सकाळचं ऊन येतं, डोळ्यांवर पडतं. फादरना सांगून मी पडदा लावून घेतला. जाड, तपकिरी. लोक तरीही परत आले नाहीत. मी म्हटलं, सवय. सवय मोडायला वेळ लागतो. पहिल्या बाकावर फक्त एक आजी टिकून राहिल्या, वाकलेल्या, आणि मला त्यांचं कौतुक वाटे. स्तोत्र संपलं की त्या कानापाशी हात नेत आणि पदराआड काहीतरी करत. मला वाटे, कानातलं सैल आहे.

"इथं काय करतेस एकटी?" वहिनी दोन कप घेऊन आली. ती माझ्या समोर येऊन उभी राहिली. शेजारी नाही, समोर, तोंड माझ्याकडे करून. तेव्हा लक्षात आलं की ती हल्ली नेहमी समोरच येऊन उभी राहते. घरातही. स्वयंपाकघरातून हाक मारायची सोडून ती पदराला हात पुसत बाहेर येते आणि मग बोलते. मला वाटायचं, वय झालं, जरा अदब आली.

"किती दिवस?" मी विचारलं.

"चहा घे आधी. निवेल."

"वहिनी."

तिनं कठड्यावर कप ठेवला. "झाली असतील दोनेक वर्षं. मोजलीत कुणी? तू मोजणारी. तूच मोजली नाहीस, तर आम्ही अडाणी काय मोजणार."

"सगळ्यांना ठाऊक आहे?"

"पहिल्या तीन बाकांना तर नक्की," ती म्हणाली, आणि मग तिला हसू आवरेना. "अगं, ती पुढच्या बाकावरची आजी कापूस घेऊन येते घरून. स्तोत्राला घालते, प्रवचनाला काढते. मी म्हटलं, आजी, मागं बसा की. तर म्हणते, बस गं, तिच्या बापानं माझ्या लग्नाला वाजवलंय. आता पोरीचा स्वर्ग जरा उंच आहे, एवढंच." माझ्या चेहऱ्याकडे बघून तिचं हसू थांबलं. "चिडू नकोस. प्रेमानं म्हणाली."

"पडदा," मी म्हटलं. माझाच आवाज मला परका वाटला. "मी पडदा लावून घेतला."

"चांगला आहे पडदा," वहिनी गंभीरपणे म्हणाली. "धूळ कमी येते."

"मला कुणी सांगितलं का नाही?"

"कोण सांगणार? फादर म्हणाले, तुम्ही घरचे, तुम्ही सांगा. मी म्हटलं, तुम्ही देवाघरचे, तुम्ही सांगा. तुझ्या दादाला म्हटलं, तर तो पेपर उघडून बसला. तो पेपर कसा उघडतो ठाऊक आहे ना तुला? भिंत बांधल्यासारखा." तिनं माझा कप पुढे सरकवला. "आणि सांगायचं काय, वन्सं? तुमच्या बोटाला देव लागलाय आणि कान गेलाय?"

एरवी ती मला अगं म्हणते. वन्सं म्हणते ती टोमणा मारायचा असला की, नाहीतर रडू येत असलं की.

मी चहा प्यायले. तो गोड होता, एवढं आठवतं. घराची बेल आठवली. पूर्वी आमची बेल पाखरासारखी वाजायची. मग एक दिवस वहिनीनं ती काढून दुसरी बसवून घेतली, जाड, गुरगुरणारी. मी म्हटलं होतं, हा काय कारखान्याचा भोंगा लावलास? ती म्हणाली, स्वस्त होती. प्रयोगशाळेत जंतू वाढवायच्या उबवणीच्या कपाटाला धोक्याची शिट्टी आहे. मध्यंतरी ती वाजत असताना मी त्याच्याशेजारी बसून लिहीत होते, आणि मदतनीस मुलगी धावत आली. "मॅडम, ऐकलं नाहीत?" "कामात होते," मी म्हटलं. दुसऱ्या दिवशी त्या कपाटावर लाल दिवा आला. कोणी लावला ते मी विचारलं नाही. किती माणसं किती दिवस माझ्याभोवती हलक्या पावलांनी फिरत होती, वस्तू इकडच्या तिकडे करत होती, मला ठेच लागू नये म्हणून. आणि मी त्यांच्यामधून ताठ चालत होते, कुठं काय चुकतंय ते दाखवत. कुणी पाठीमागे हसलं असतं तर मला सोसलं असतं. ही सगळी माया मला सोसवेना.

काटा तपासायचा तर प्रमाणित वजन बाहेरचं लागतं. हे मी नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगते. काटा हळूहळू ढळतो, आणि ढळलेल्या काट्यावर ढळलेपण दिसत नाही. त्याच्या लेखी जग बरोबर असतं. रोज सकाळी पेटीतलं वजन चिमट्यानं उचलून ठेवायचं, हातानं नाही, हाताचा घामही वजनात येतो. इतकं सगळं मला ठाऊक. माझ्या कानावर मात्र मी कुणाला काही ठेवू दिलं नाही. फादर दोन वर्षं विचारत आहेत, "बाई, तुमच्यानंतर कोण?" मला ते वयावर बोट वाटे. मी म्हणे, "बघू." वहिनी मुलांच्या मिस्साला, त्यांच्या रविवारच्या उपासनेला, पेटी वाजवते, कानावरून, सुरांच्या खुणांचा कागद समोर ठेवते पण बघत नाही. मी तिला अंदाजपंचे म्हणते, तोंडावर. तिनं मला म्हटलं होतं, मोठा ऑर्गन शिकव, पायांच्या पट्ट्या शिकव. एकदा नाही, पुष्कळदा. "बघू." मिस्सा संपल्यावर ती रिकाम्या चर्चमध्ये माझ्यामागे उभी राही, चपला हातात घेऊन, आणि मी ऑर्गनला कुलूप लावी.

दुपारी विश्रांतीला खोल्या दिल्या होत्या. लोखंडी पलंग, पांघरूण, भिंतीवर क्रूस, टेबलावर पाण्याचा तांब्या. मी पडून राहिले. मला एका गोष्टीची भीती वाटत होती आणि ती कानाची नव्हती. कान जातात. आतल्या पेशी मरतात, वरचे सूर ऐकणाऱ्या आधी मरतात, पुन्हा उगवत नाहीत. यात दैवाचा कोप वगैरे काही नाही. भीती वेगळी होती, आणि ती मी आजवर कुणाला, पापकबुलीच्या जाळीआड फादरनासुद्धा, सांगितलेली नव्हती. मला प्रार्थना येत नाही. कधीच आली नाही. गुडघे टेकले की माझं मन उद्याच्या नमुन्यांवर जातं. आई गेली तेव्हा मी जपमाळ धरली आणि मणी मोजले. फक्त त्या बाकावर, हात मांडीवर ठेवून, गप्पच्या खालच्या गप्पमध्ये उतरून पहिली पट्टी दाबली की कुणीतरी असतं. तेवढंच. वाजतं आहे तोवर असतं. उरलेला आठवडा मी त्या घटकेच्या भरवशावर काढते. ते बाक सोडलं तर मी चर्चमध्ये कोण? खांबाआडची एक बाई, हातात स्तोत्रांचं पुस्तक. मला तर खालून चर्च कसं दिसतं तेही माहीत नाही. इतकी वर्षं मी सगळ्यांची डोकी बघितली, आरशातून.

आणि जे असतं असं मला वाटत होतं, तेही काय होतं? मी डोळे मिटून देवाच्या इतकी जवळ गेले असताना खाली एक म्हातारी कानात कापूस घालत होती. हा विचार आला आणि मी पलंगावर उठून बसले. खूप वेळ तांब्याकडे बघत राहिले. त्याच्या काठावर पाण्याचा एक थेंब होता, पडत नव्हता.

बाबा कसे उठले होते त्या बाकावरून? ते मला कधी नीट आठवायचं सुचलं नव्हतं. एका साध्या रविवारी त्यांनी ऑर्गन उघडला, खुंट्या ओढल्या, हात मांडीवर ठेवले, आणि मग बाजूला सरकून उठले. "आज तू वाजव," ते म्हणाले. "मला प्रार्थना करायची आहे." मी हसले होते. म्हटलं, मग इतकी वर्षं काय करत होता? ते जिना उतरून खाली गेले, एकेका पायरीवर थांबत, आणि तिसऱ्या बाकावर बसले. पुन्हा वर आले नाहीत. किती सुंदर वाक्य, मी आयुष्यभर म्हणत आले. गायकवृंदाला सांगत आले, नव्या मुलांना सांगत आले. आज त्या लोखंडी पलंगावर बसून मला त्यांची बोटं आठवली. त्या सुमारास ते चष्म्याचे बारीक स्क्रू दादाकडून बसवून घेत. जेवताना घास दोनदा धरत. प्रार्थना करायची आहे. दुकानात जन्मभर लोकांना सांगितलं, दिसत नाही म्हणा. आणि स्वतः, माझ्या तोंडावर, तक्ता पाठ म्हणून दाखवला. मला त्यांचा राग आला. मग राग आला तसा गेला, आणि ते एकेका पायरीवर थांबत होते एवढंच डोळ्यांसमोर उरलं.

ते वाक्य मलाही वापरता आलं असतं. ते तयार होतं, देखणं होतं, घराण्याचं होतं. शिबिराच्या शेवटच्या मिस्साला आज मीच वाजवायचं ठरलं होतं. बाक ओढायचं, वहिनीकडे वळायचं आणि म्हणायचं, आज तू वाजव. सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं असतं. पडदा, कापूस, बेल, सगळं त्या वाक्याखाली झाकलं गेलं असतं, आणि सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला असता, फुंकरकाकांनी तर मोठाच.

चारच्या सुमाराला आम्ही पुन्हा प्रार्थनागृहात जमलो. खिडक्यांतून तिरपं ऊन आलं होतं. मी सकाळच्याच जागी बसले. वहिनी माझ्या डावीकडे. तिनं माझ्याकडे बघितलं नाही, पण बसताना तिचा गुडघा माझ्या गुडघ्याला लागला आणि तिनं तो बाजूला घेतला नाही. सिस्टर म्हणाल्या, "मिस्साआधी सकाळचंच पुन्हा एकदा करू. या वेळी जास्त वेळ धरीन. डोळे मिटा." त्यांनी कुणाकडेच रोखून बघितलं नाही. बाई चतुर होत्या, की नुसत्याच भल्या, मला ठरवता आलं नाही.

मी डोळे मिटले. पंखा. कुणीतरी घसा साफ केला. मग माझ्या बाजूला बाह्यांची सळसळ झाली, कापडाचा थोडा वारा गालाला लागला. हात वर गेले असणार. सूर सुरू झाला असणार. मी त्याच्याकडे कान लावला, म्हणजे जिथं तो असायला हवा त्या जागेकडे, त्या पायऱ्यांच्या वर, जिथं मला जिना दिसत नव्हता. काही नव्हतं. आणि त्या नसण्यात मी बसले, हात मांडीवर. आधी गप्प. मग आणखी. पाठीच्या कण्यात ते ढिलं पडलं, ओळखीचं, आणि मी दचकले, कारण समोर पट्ट्या नव्हत्या, मी काहीच वाजवत नव्हते. सगळ्या खोलीत एक गोष्ट भरून होती, माझ्या अंगावरून जात होती, आणि इतरांना ऐकू येत होती.

कोपराखाली दोन बोटं आली. कोमट, खरखरीत. त्यांनी उचलायला सुरुवात केली.

मी कोपर अंगाशी घट्ट धरलं. बोटं थबकली. पुन्हा एकदा, जरा जास्त दाबानं. मग त्यांना कळलं, आणि ती तिथंच राहिली, न उचलता.

"सिस्टर," मी म्हटलं. डोळे मी उघडले नाहीत. "मला ऐकू येत नाही. वरचं काहीच ऐकू येत नाही, पुष्कळ दिवसांपासून. आजचा मिस्सा वहिनी वाजवील. आणि यापुढे आपल्या चर्चमध्येही तीच वाजवील. मी खाली बसेन."